आठ घरांची कणीक

आमच्या खात्यात माफी मागायला बंदी होती.

विमा कंपनीच्या दावे विभागात मी नुकताच लागलो होतो. एक म्हातारे गृहस्थ अर्ज घेऊन चार जिने चढून आले. त्यांची धाप बघून मी सहज म्हणालो, "माफ करा हं, आज लिफ्ट बंद आहे." साहेबांनी मला आत बोलावलं. ते ओरडले नाहीत. ओरडलं की ऐकणारे साक्षीदार होतात, असं त्यांचं मत होतं.

"लिफ्ट तुम्ही बिघडवलीत?"

"नाही साहेब."

"मग माफी कशाची मागितलीत?"

साहेबांनी हातातल्या पेनचं टोपण लावलं.

"खुर्ची द्यायची. पाणी द्यायचं. पंखा त्यांच्याकडे वळवायचा. माफी म्हणजे कबुली, आणि कबुली देण्याचा आपल्याला पगार नाही."

असे साहेब. ते आणि मी लालबागच्या एकाच चाळीतले. नोकरीलाही मी त्यांच्याच शब्दावर लागलो होतो. त्यामुळे ऑफिसात त्यांचा कनिष्ठ आणि घरी शेजारी अशी दुहेरी शिक्षा मला होती. ते अविवाहित होते. शर्ट रोज पांढरा, खिशात दोन पेनं, एक लिहायला आणि एक कुणी मागितलं तर द्यायला. द्यायचं पेन मुद्दाम अडखळणारं असे, म्हणजे लोक लवकर परत करतात.

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. शिपायाला, लिफ्टमनला, सख्ख्या धाकट्या भावाला, आणि पुढे कुत्र्यालाही. ही नम्रता आहे असा नव्या माणसाचा गैरसमज होई. खरं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "एकेरीवर आलं की माणूस जवळ येतो. जवळ आला की दावा करतो."

कुत्रा चावल्याचा दावा कसा नाकारायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. कारखाने, गोदामं, बंगले यांच्या विम्यात एक तरतूद असते : आपल्यामुळे परक्या माणसाला इजा झाली तर भरपाई कंपनी देईल. राखणीचे कुत्रे तिच्यात येतात. साहेब बोटं मोजून सांगत, "तीन दारं असतात. पहिलं, कुत्रा आमचा नाही. दुसरं, आमचा आहे, पण तो चावतो हे आम्हाला माहीत नव्हतं. तिसरं, माहीत होतं, पण यांनीच त्याला डिवचलं. तिन्ही दारं बंद सापडली तर पैसे द्यावे. मी अजून असं घर पाहिलेलं नाही."

शिवडीच्या एका गोदामातल्या कुत्र्याने हातगाडी ओढणाऱ्या एका माणसाची पोटरी फाडली होती, तेव्हा मी त्यांच्याबरोबर पाहणीला गेलो होतो. साहेबांनी गोदामाची मालमत्तेची वही मागवली. तिच्यात खुर्च्या होत्या, वजनकाटे होते, एक मोडका पंखासुद्धा होता. कुत्रा नव्हता. पहिलं दार उघडलं. परत येताना टॅक्सीत त्यांनी मला सांगितलं की वही वाचायची ती काय लिहिलंय ते बघायला नव्हे, काय लिहिलेलं नाही ते बघायला. मी ते वाक्य त्या रात्री डायरीत उतरवून ठेवलं. त्या वयात अशी वाक्यं शहाणपणाची वाटतात.

पुढे ते निवृत्त झाले. चाळ पाडून तिथे दोन इमारती उभ्या राहिल्या. एक आम्हा जुन्या भाडेकरूंची, बुटकी. आणि दुसरी विकत घेणाऱ्यांची, इतकी उंच की तिच्यामुळे आमच्याकडे दुपारी तीनलाच संध्याकाळ होते. सोसायटी मात्र एक, आणि तिचे अध्यक्ष उंच इमारतीतले. ते कुठलेतरी निवृत्त अधिकारी होते. कुठल्या खात्याचे हे त्यांनी कधी स्पष्ट सांगितलं नाही, फक्त मोठे एवढं कळू दिलं. 'पाण्याची टाकी धुतली जाईल' ही नोटीससुद्धा ते 'मा. अध्यक्ष यांच्या आदेशान्वये' काढत, आणि तो आदेश त्यांनीच स्वतःला दिलेला असे.

चाळीच्या अंगणात एक तपकिरी कुत्रा असायचा. चाळ गेली, आम्ही तीन वर्षं भाड्याच्या घरांतून फिरलो, नव्या इमारतीत आलो, आणि आठवड्याभरात तोही आला. जिन्याने चौथ्या मजल्यावर चढून साहेबांच्या दाराबाहेर पसरला. का त्यांच्याच, ते त्याला माहीत. साहेबांनी त्याला कधी कुरवाळल्याचं मी पाहिलं नाही. सकाळ-संध्याकाळ पोळी, एक वाटी पाणी आणि गळ्यात चामड्याचा पट्टा, एवढंच.

"साहेब, कुत्रा पाळलात म्हणे," मी विचारलं.

"ते इथे बसतात. मी इथे राहतो."

"मग पट्टा?"

"त्यांना कुणी उचलून नेऊ नये म्हणून." हे त्यांच्याकडून आलेलं प्रेमाचं सगळ्यात स्पष्ट विधान होतं, आणि ते ऐकून मी विषय बदलला.

आता मावशी. पोळ्या करणाऱ्या. काळाचौकीला राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या. आठ घरं धरली होती : आमच्या बुटक्या इमारतीत पाच आणि उंच इमारतीत तीन. पहाटे सव्वासहाला साहेबांकडे सुरुवात, मग आमच्याकडे, आणि दहाच्या सुमाराला शेवटचं घर अध्यक्षांचं. घरी बोलताना मालवणी, आमच्याशी मुंबईची मराठी, आणि रागावल्या की दोन्हींची सरमिसळ. माझी बायको त्यांना वचकून असे. पीठ जाडसर आलं तर त्या डबा उघडून नुसत्या बघत, आणि आम्ही गिरणी बदलायचो.

मावशी यायच्या वेळी साहेब कुत्र्याला जिन्याच्या कठड्याला बांधून ठेवत. एका सकाळी त्यांनी बांधलं नाही. त्या दिवशी ते शब्दकोड्यात अडकले होते. मावशी वाकून चपला काढत होत्या, हात कुत्र्याच्या वाटीजवळ गेला, आणि त्याने उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तोंड घातलं. भुंकला नाही, गुरगुरला नाही. चावून पुन्हा झोपला.

साहेबांनी स्वतः नळाखाली साबण लावून जखम धुतली, बराच वेळ, आणि मला हाक मारली. मी मावशींना टॅक्सीने महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. साहेब कुत्र्यापाशी थांबले, कारण तो मोकळा होता आणि शाळेच्या मुलांची वेळ होत आली होती. तिथे केसपेपरवर एक रकाना होता : कुत्रा पाळीव की भटका. पेन माझ्या हातात होतं. मावशी बाजूला हात धरून उभ्या होत्या. मी 'भटका' लिहिलं.

मी विचार करून लिहिलं असतं तर तो खोटेपणा झाला असता. मी विचारच केला नाही. पेन आपोआप पहिल्या दारातून बाहेर पडलं. अकरा वर्षं साहेबांच्या हाताखाली काढली होती.

संध्याकाळी अध्यक्ष साहेबांच्या घरी आले. मी तिथेच होतो, एक मसुदा घेऊन. 'सदर श्वान सोसायटीच्या आवारात वावरणारा असून कोणाच्याही वैयक्तिक मालकीचा नाही' अशी त्याची सुरुवात होती. मला तो बरा जमला असं वाटत होतं.

"सर," अध्यक्ष म्हणाले, "प्रकरण अगदी सोपं आहे. तो पट्टा काढा. पट्टा काढला की कुत्रा बिल्डिंगचा. मी फोन करतो, गाडी येईल, घेऊन जाईल. त्या बाईंना आपण काहीतरी देऊच."

"आणि आधी कधी चावला होता का, असं कुणी विचारलं तर?" साहेबांनी विचारलं.

"पहिलीच वेळ म्हणायचं."

"दिवाळीत त्यांनी तुमच्या पँटला तोंड घातलं होतं."

"ते नुसते हुंगत होते." अध्यक्षही अभावितपणे कुत्र्याला बहुवचनात घेऊन गेले.

"तुम्ही दुसऱ्या दिवशी नवी पँट शिवायला टाकलीत."

"मी तक्रार केली नव्हती, सर."

"नाही केलीत. तुम्ही जिन्यावर पँट धरून उभे होतात आणि मी दाराआड हसत होतो. म्हणजे ते चावतात हे मला माहीत होतं. दुसरं दार बंद."

अध्यक्षांना दारांचा संदर्भ कळला नाही. त्यांनी खोलीच्या दाराकडे बघितलं.

"त्या बाईंनी वाटीत हात घातला म्हणे," ते म्हणाले.

"वाटी माझ्या उंबऱ्यावर होती. चपला तिथेच काढायला मी सांगितलं आहे." मग त्यांनी माझा मसुदा घेतला, चांगलं पेन काढलं, एका ठिकाणी स्वल्पविराम दिला आणि कागद मला परत केला. "भाषा उत्तम आहे. खोटा आहे."

अध्यक्षांनी तरीही दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लावली : सदर श्वान इमारतीचा असून त्याबाबत योग्य ती कार्यवाही सुरू आहे. साहेब खाली गेले आणि त्याच कागदावर खाली शाईने लिहून आले : 'कुत्रा माझा आहे. चावला तोही माझाच.' खाली सही आणि खोली क्रमांक.

मग त्यांनी मला केसपेपरबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्यांनी छत्री घेतली, मला बरोबर घेतलं आणि हॉस्पिटलात जाऊन रांगेत उभे राहिले. खिडकीवरचा माणूस कागद उलटसुलट करून म्हणाला, "काका, लोक इथे पाळीवचा भटका करून घ्यायला येतात. उलटं करायला आलेले तुम्ही पहिले."

"चूक झाली होती," साहेब म्हणाले. कुणाची ते सांगितलं नाही. मालक म्हणून आपलं नाव लिहून घेतलं आणि कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवण्याची हमी दिली.

तिथून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. जनावर सांभाळण्यात हयगय केली तर मालकावर गुन्हा नोंदवायचं एक कलम आहे. साहेबांना ते स्वतःवर लावून हवं होतं.

"तक्रार कुणाविरुद्ध?" हवालदारांनी विचारलं.

"माझ्याविरुद्ध."

"आणि तक्रारदार?"

"आमच्या पोळ्यांच्या मावशी. त्या कामावर नाहीत, हाताला लागलंय. मी कळवायला आलोय."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी घरचं कुणी बरोबर आहे का हे बघतात, तसं. "काका, आरोपीनेच येऊन आरोप करायचा अशी पद्धत नाही आपल्याकडे. त्या मावशींना पाठवा."

मावशी गेल्या नाहीत. "पोलिसात जाऊन काय करू? तिथे पोळ्या लागतात काय?" एवढंच म्हणाल्या. शेवटी ठाण्याच्या रोजनाम्यात एक ओळ पडली. साहेबांनी ती दोनदा वाचून घेतली आणि तिसऱ्यांदा वाचायला मागितली तेव्हा हवालदारांनी वही मिटली.

मी घरी बायकोला म्हटलं, साहेब तत्त्वाला जरा जास्तच धरून बसलेत. ती म्हणाली, "तत्त्व राहू दे. उद्या पोळ्या कोण करणार?"

तोच प्रश्न मावशींचा होता. तिसऱ्या दिवशी त्या बँडेज बांधलेला हात छातीशी धरून साहेबांकडे आल्या. साहेबांनी पाकीट पुढे केलं. महिन्याभराचे आठही घरांचे पैसे होते. मावशींनी ते डाव्या हाताने घेतलं, कमरेला खोचलं, आणि उठल्या नाहीत.

"पैसे घेतले मी. ते कशाला सोडू? पण पैसे महिन्याचे, काका. घरं जन्माची."

"म्हणजे?"

"डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना हात पिठात नाय घालायचा. तोवर लोक काय उपाशी बसतात? शिवडीची एक बाई गेटपाशी येऊन विचारून पण गेली. एकदा दुसऱ्या हातची पोळी तोंडात बसली की माझं घर गेलं. आठातली चार गेली तरी मी काय करू?" मग खिडकीकडे बघत, आमच्यासाठी नसलेल्या आवाजात, "हात गेलो, आता घरां जातली."

साहेब बराच वेळ गप्प होते. दावे विभागात असताना ते असे गप्प बसले की समोरचा माणूस आकडा खाली आणत असे. मावशींनी आकडा सांगितलाच नव्हता.

"किती वाजता सुरू करता?" त्यांनी विचारलं.

"सव्वासहा."

"मला शिकवा."

मावशी हसल्या. मग साहेब हसत नाहीत हे बघून थांबल्या. "माका नको हां तुमचे उपकार."

"उपकार नाहीत. तुमचं जे होतं ते होतं तसं ठेवणं माझ्यावर आहे. पैसे देऊन ते राहत नाही, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत."

दोन दिवस शिकवणी चालली. साहेब ओट्याशी, मावशी स्टुलावर हात वर धरून. साहेबांनी वही घेतली होती. पीठ किती, मीठ किती, तेल किती, सगळं लिहून झालं. पाण्याशी अडलं.

"पाणी किती?"

"लागेल तसं."

"लागेल तसं हे माप नाही, मावशी."

"काका, कमी पडलं की कळतं, जास्त झालं की कळतं. बरोबर झालं की काय कळत नाय. तेवढं घालायचं."

साहेबांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

आणि मग एका सोमवारी पावणेसातच्या सुमाराला बेल वाजली आणि आमच्या दारात इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि शेजारी मावशी. ज्या माणसासमोर मी अकरा वर्षं परवानगीशिवाय बसलो नव्हतो, तो माझ्या स्वयंपाकघरात शिरून बायकोला विचारत होता, "परात कुठे ठेवता?"

पोळ्या वाईट होत्या. बायकोने पहिली तोडायचा प्रयत्न करून म्हटलं, "हिच्यासाठी वकील लावावा लागेल." पण तिने शिवडीच्या बाईंना नाही सांगितलं, हेही खरं. बाकीच्या घरांतही सुरुवातीला अवघडलेपण होतं. एका सासूबाईंनी ते आले की डोक्यावर पदर घेऊन देवघरात बसायचं ठरवलं. आठवड्याने त्या ओट्याशी उभं राहून साहेबांना तवा कधी खाली घ्यायचा ते सांगू लागल्या. उंच इमारतीतल्या एका तरुण जोडप्याने त्यांना सोफ्यावर बसायचा आग्रह केला. ते म्हणाले, कामाच्या वेळी नको. मग त्या मुलीने चहा दिला, सिंकखालच्या कप्प्यातल्या स्टीलच्या पेल्यात. साहेबांनी पेला हातात धरून विचारलं, "मावशींनाही यातच देता?" ती म्हणाली, "हो, म्हणजे, तो वेगळा ठेवलाय." साहेब चहा प्यायले, पेला विसळला आणि जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी घरचे दोन कप बाहेर होते. तिथे त्यांनी कुणाला काही सुनावलं नाही, हे मला मावशींनीच सांगितलं. सुनावलं असतं तर मला आश्चर्य वाटलं नसतं. न सुनावल्याचं वाटलं.

अध्यक्षांनी पहिल्या दिवशी दार उघडून सांगितलं, "सर, आम्ही महिनाभर बाहेरून मागवू. तुम्ही आमच्या किचनमध्ये, म्हणजे, शोभत नाही."

"मावशी शोभत होत्या?"

"त्यांचं कामच आहे ते."

"सध्या माझं आहे."

दार बंद झालं. साहेब दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या पत्नीने दार उघडलं. "या हो. ह्यांना बाहेरची पचत नाही आणि मला जमत नाही. तुमची कच्ची तर कच्ची."

अध्यक्षांनी मग नियम काढला : घरकामाला येणाऱ्यांनी ओळखपत्राशिवाय आत येऊ नये आणि सामानाचीच लिफ्ट वापरावी. रोख कुणावर होता हे सगळ्यांना कळलं. साहेबांनी रीतसर अर्ज केला, दोन फोटो जोडले आणि ओळखपत्र करून घेतलं. काम : पोळ्या. ते गळ्यात घालून ते सामानाच्या लिफ्टने, पिठाच्या हातांनी, मावशींबरोबर उभे राहून वर जात. सोसायटीच्या वार्षिक सभेला ते ओळखपत्र घालूनच आले आणि सभासदांच्या रांगेत बसले. आपल्यासमोर सभासद बसलाय की घरकामगार, हे ठरवताना अध्यक्षांचं भाषण दोनदा अडखळलं.

मी एकदा त्यांना विचारलं, हे सगळं कशासाठी. आम्ही दोघं जिन्यात होतो, कुत्रा तोंडाला जाळी बांधून पायाशी. "शिवडीच्या त्या गोदामाची फाइल मला नंबरासकट आठवते," ते म्हणाले. "त्या माणसाचं नाव आठवत नाही. पोटरी गेल्यावर गाडी कुणी ओढली, ते मी विचारलंच नव्हतं. फाइलमध्ये तसा रकाना नव्हता." मावशींची माफीही त्यांनी शेवटपर्यंत मागितली नाही, निदान माझ्या देखत.

दीड महिन्याने जखम भरली. आठही घरं जागेवर होती. मी मनात म्हटलं, प्रकरण चांगलं मिटलं, आता रीतसर मिटवावं. विम्यात शेवटचा एक कागद असतो. दावेदार त्यावर सही करतो की मला सगळं मिळालं, यापुढे माझं काही मागणं नाही. मी तसा एक मराठीत तयार केला आणि साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचून मावशींना दिला.

मावशींनी डोळे बारीक करून सगळा वाचला. "हा लिहिला कुणी?"

"मी," मी म्हणालो.

"मग नको. हॉस्पिटलात पण तुम्हीच लिहिलं होतं. भटका."

माझे कान तापले. "तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"रक्त थांबत नव्हतं, तेव्हा भांडू काय? वाचता येतं मला." मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मूठ मिटली. चार बोटं मिटली. अंगठा अर्ध्यात थांबला. "लाटणं धरता येतं. कणीक दाबायला गेलं की ताकद लागत नाय. डॉक्टर म्हणतात, एवढाच राहील. आता लिहा सगळं मिळालं म्हणून."

मी साहेबांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मी फार थोड्या वेळा पाहिलं होतं, आणि ते प्रत्येक वेळी कुणाला तरी नकार देताना. या वेळी नकार त्यांना मिळाला होता.

"बरोबर केलंत," ते म्हणाले. "या कागदावर कधीच सही करू नका. कुणीही दिला तरी." कागद त्यांनी मावशींच्याच पिशवीत घालून दिला, पुरावा म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून नवी वाटणी झाली. साहेब कणीक मळत, मावशी लाटत आणि भाजत. आठ घरं, रोज, रविवार धरून. दोन वर्षं आणि काही महिने. त्या काळात मी त्यांना फक्त दोन दिवस चुकलेले पाहिले, एकदा ताप होता आणि एकदा कुत्रा म्हातारपणाने गेला तेव्हा. कणीक मात्र त्यांना फार चांगली जमू लागली होती. मावशी तसं कबूल करत नसत.

साहेब गेले ते झोपेतच. पाचव्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. अध्यक्षांनी मोठा फोटो छापून आणला होता आणि त्याखाली 'मा. अध्यक्ष व कार्यकारिणी' ही अक्षरं साहेबांच्या नावापेक्षा ठळक होती. भाषणात त्यांनी श्रमप्रतिष्ठा हा शब्द चार वेळा वापरला. साहेबांनी सोसायटीपुढे आदर्श ठेवला, असंही म्हणाले. कुठला, ते सांगितलं नाही. शेवटी चेहऱ्यावर उदारपणा आणून त्यांनी दारापाशी उभ्या असलेल्या मावशींना म्हटलं, "तुम्हाला दोन शब्द बोलायचेत का?"

मावशी पुढे आल्या नाहीत. तिथूनच बोलल्या.

"कणीक कोण मळणार ते सांगा."

पुढच्या रांगेतली दोन-तीन डोकी मागे वळली.

"चार दिवस कशीबशी डाव्या हाताने केली. पोळ्या वातड झाल्या, कुणी बोललात नाय, सुतक म्हणून. उद्यापासून बोलाल."

"हे आपण नंतर बघू," अध्यक्ष म्हणाले. "हा प्रसंग नाही."

"नंतर कधी? सकाळी सव्वासहाला?" मावशींचा आवाज चढला नाही. "बोर्डावर तुम्हीच लावलं होतं ना, कुत्रा बिल्डिंगचा म्हणून? काका नाय म्हणाले, माझा आहे म्हणाले, आणि एकट्याने निस्तरलं. आता काका नाहीत. म्हणजे कुत्रा परत बिल्डिंगचा झाला. मग बिल्डिंगने मळा. सात घरं उरलीत, आपापली कणीक आपापल्या घरी मळून ठेवा. मी लाटते. नाय जमत तर आत्ता सांगा, चारचौघांत."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या पत्नीने त्यांच्याकडे पाहिलं. देवघरातल्या सासूबाई शेवटच्या रांगेत होत्या, त्यांनी मुलाला कोपराने ढोसलं. हॉलमध्ये बसलेल्यांत तीन दारं माझ्याइतकी कुणालाच पाठ नव्हती, आणि त्या क्षणी मी तिन्ही तपासून पाहिली हे लपवण्यात अर्थ नाही.

"आमच्याकडे मी मळीन," मी म्हणालो.

मावशींनी मान वळवून मला नीट बघून घेतलं.

"तुम्ही होय? मग लिहून द्या."

कुणीतरी हसलं. मी उठलो, शोकसभेच्या वहीचं मागचं पान घेतलं आणि उभ्यानेच लिहिलं. असल्या कागदाच्या डोक्यावर 'हक्क राखून' असं लिहायची आमच्या धंद्यात रीत आहे, म्हणजे उद्या शब्द फिरवता येतो. मी ते लिहिलं नाही. खाली सही केली, खोली क्रमांक घातला आणि कागद त्यांना दिला. त्यांनी तो आधी पूर्ण वाचला, मग पिशवीत ठेवला आणि पुढच्या घरवाल्याकडे वळल्या.